वेलीने पाय चाटले

२२ ऑगस्ट १९६६, सोमवार

आज दोन पेन्सिली खाल्ल्या. पाटीवरच्या. करड्या पेन्सिलीला चव जास्त — पागोळ्यांखालच्या मातीला जसा वास येतो ना, तशी. पांढरी नुसतीच कुरकुरीत. चिंतूशेठच्या दुकानातून आणते आणि धाकट्या भावाला हव्यात म्हणून सांगते. मला धाकटा भाऊ नाही! चिंतूशेठ आज म्हणाला, फारच अभ्यासू दिसतो गं तुझा भाऊ, आठवड्यात डझनभर पेन्सिली झिजवतो. म्हटलं, हो ना, सारखा लिहीतच असतो. त्याचं नावही ठेवून टाकलंय — दादू.

ही वही भाताच्या कणगीमागे ठेवते. कोणाला सापडली तर मी मेलेच.

२४ ऑगस्ट

इतिहासाच्या तासाला झोपले. या महिन्यात चौथ्यांदा! दिनानाथ मास्तरांनी खडू फेकून मारला. पानिपतावर एवढी माणसं मेली आणि नलू, तुला झोप लागते? म्हणाले. सगळा नववीचा वर्ग हसला. तास संपल्यावर खडू उचलला नि खाऊन टाकला. पुरावा नष्ट.

पण घरी बातमी माझ्या आधी पोचली. अण्णा — माझे वडील — जेवून उठले. हात धुताना म्हणाले, सहामाहीत अशीच झोपलीस तर दिवाळीनंतर शाळा बंद. वाडीत माणूस हवंच आहे.

वाडीत माणूस! आत्ता कोण जातं मग? रोज पहाटे मीच ना? पानवेली बांधायच्या, पानं खुडायची, टोपली भरायची आणि मग तारापूरपर्यंत पाऊण तास चालत शाळा. तिथे पोचेस्तोवर छातीत कोणीतरी भात कांडत असतं. झोपू नको तर काय नाचू?

२७ ऑगस्ट

पाय खाजताहेत. बोटांच्या बेचक्यांत बारीक बारीक पुरळ. गोदूआत्याला दाखवले तर खूश झाली. म्हणाली, वेलीनं पाय चाटले तुजे, नशीबवान हायेस. गोदूआत्या म्हणजे अण्णांची आत्या, सत्तरीची, आणि आमच्या पानवेलीची सरकार. वेलीत, म्हणजे पानांच्या वाडीत, वहाणा घालून जायचं नाही, विटाळात जायचं नाही, शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायचं. तिच्या लहानपणी कोणी व्यापारी बूट घालून आत शिरला नि आठ दिवसांत अर्धी वाडी करपली म्हणे. अण्णा एरवी आत्याचं फारसं ऐकत नाहीत, पण हे ऐकतात. घर पानांवर चालतं.

वेलीने इतकं प्रेम केलं नसतं तरी चाललं असतं. रात्रभर खाजवते आहे!

२९ ऑगस्ट, सोमवार

आज मज्जा! शाळेत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. पुष्पलताबाई. उंच, गोल चष्मा, हातात टाचणीचा डबा. आठवी ते अकरावीच्या सगळ्या मुलींची बोटं टोचली. टिपकागदावर रक्ताचा एक थेंब घ्यायचा, वाळू द्यायचा, आणि पुस्तिकेतल्या लाल रंगांच्या पट्टीशी ताडून बघायचा. गडद लाल म्हणजे शंभर, मग फिकं फिकं होत खाली. अकरावीतली एक दांडगट मुलगी टाचणी बघूनच आडवी झाली. मी मात्र ऐटीत बोट पुढे केलं.

हिराचं सत्तर. माझं चाळीस!

हिरा माझी मैत्रीण, कोळीवाड्यातली. तिचा थेंब बघा कसा कुंकवासारखा. माझा म्हणजे रंगपंचमीनंतर तिसऱ्यांदा धुतलेलं पातळ. नर्सबाईंनी माझी खालची पापणी ओढली, नखं बघितली. मग विचारलं, माती खातेस का? म्हटलं, छे! म्हणाल्या, जीभ काढ. काढली. पांढरीफटक पेन्सिल लागलेली!! हिरा इतकी हसली की तिला बाहेर घालवली.

पण नर्सबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ही खोड नाही, रक्त कमी झालं की अशी माती-पेन्सिल खावीशी वाटते. तू झोपतेस तेही आळसाने नाही. मला तिथेच रडू आलं. इतक्या दिवसांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

३० ऑगस्ट

घरी सांगितलं. गोदूआत्याने सगळं झटकून टाकलं. म्हणाली, रगत कमी कसलं, आमच्या घरच्या पोरी गोऱ्याच. तुजी आजी गोरी, तुजी आय गोरी, तू गोरी. लोकं हिकडनं पोरी शोधत येतात.

कमलादादा — माझा मोठा भाऊ — बोईसरला अणुकेंद्राच्या कामावर स्टोअरमध्ये आहे. बूट घालून जातो, बूट घालून येतो, वाडीत त्याला कोणी बोलावतच नाही. त्याचे गाल टोमॅटो. मग तो आमच्या घरचा नाही की काय?

लोहाच्या गोळ्या मिळाल्यात. रोज दोन. चहाबरोबर नाही, जेवल्यावर, वर लिंबू पिळलेलं पाणी. मेथी, माठ, शेवग्याचा पाला, कडधान्य, जवळा. हिरा म्हणाली, जवळा मी आनते, आमच्या घरात जवळ्याचा डोंगर हाय.

२ सप्टेंबर

हे कोणाला सांगणार नाही. गोळ्यांनी परसाकडे सगळं काळं होतं. सगळं!! मी घाबरून नर्सबाईंकडे पळत गेले. म्हणाल्या, होणारच, लोह आहे. आधी सांगायला काय झालं होतं!

५ सप्टेंबर

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

नर्सबाईंना शंका, पोटात जंत असतील. तपासायला शौचाचा नमुना हवा. रिकाम्या आगपेटीत घालून आण म्हणाल्या. आणला. दप्तरात ठेवला, मधल्या सुट्टीत दवाखान्यात देणार होते. दुसऱ्या तासाला पुस्तक काढताना आगपेटी बाहेर पडली, थेट दिनानाथ मास्तरांच्या पायाशी.

आगपेटी! मुलीच्या दप्तरात! मास्तर लालबुंद. विड्या ओढतेस की काय, म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, उघडू नका. एवढं बोलायचाच अवकाश — त्यांनी उघडली.

वर्गात इतकी शांतता पानिपत संपल्यावरसुद्धा झाली नसेल. मास्तरांनी पेटी मिटली. दोन बोटांत धरून माझ्या बाकावर ठेवली. म्हणाले, दवाखान्यात जा. तास संपेपर्यंत विहिरीवर हात धूत होते. यापुढे ते माझ्यावर खडू फेकणार नाहीत असं वाटतं.

९ सप्टेंबर

निकाल आला. माझ्या पोटात पाहुणे आहेत. अंकुशकृमी! सुतासारखे बारीक. तोंडाला आकडे असतात, आतड्याला धरून लटकतात आणि रक्त पितात. मी पेन्सिली खाते नि ते मला खातात.

नर्सबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हे पाहुणे तोंडावाटे येत नाहीत, तळपायातून येतात! लोक वाडीच्या कडेला परसाकडे बसतात. त्यातून अळ्या होतात, सावलीतल्या ओल्या मातीत जगतात आणि अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतात. शिरतात तिथे खाज सुटते.

म्हणजे ते वेलीने चाटलेले पाय?

म्हणाल्या, हो, तेच. आणि हिरा? तीही अनवाणीच असते. तर म्हणाल्या, तिची वाळू खारी आणि तापलेली, तिथे या अळ्या टिकत नाहीत. पानवेलीसारखी गार, ओली सावली म्हणजे त्यांचं माहेर.

औषधाची पूड दिलीय. इतकी कडू की पेन्सिलीसुद्धा विसरले.

११ सप्टेंबर, रविवार

नर्सबाई घरी आल्या. अण्णांशी बोलायला. आम्ही सगळे ओटीवर. गोदूआत्या दारात, पदर खोचून.

पहिलं म्हणणं — परसाकडे जायला वाडीपासून लांब खड्डा खणा. अण्णा लगेच हो म्हणाले, उद्याच खणतो. दुसरं म्हणणं — वाडीत पायात काहीतरी घालून जा. नाहीतर औषध वाया. आज जंत पाडायचे नि उद्या पुन्हा भरायचे.

अण्णांनी चुन्याची डबी काढली. ती उघडली, मिटली. मग म्हणाले, "बाई, वेल गेली तर मी पोरांना काय घालू? तुमी वेलीची हमी देता का?"

नर्सबाई म्हणाल्या, वेलीची नाही, मुलीची देते.

आत्या म्हणाली, "मी जिती हाय तवर वेलीत वहाण जायची नाय."

संपलं. माई — माझी आई — चहाचे कप घेऊन आत गेली. ती अशा वेळी बोलत नाही. तशी ती कधीच फार बोलत नाही.

१४ सप्टेंबर

डोकं चालवलं! देवघरात आजोबांच्या लाकडी खडावा आहेत. आत्याला म्हटलं, वहाणा चामड्याच्या म्हणून विटाळ ना? खडावा तर साधू-संत घालतात, देवाला चालतात, वेलीला का नको? आत्या कोड्यात पडली. बराच वेळ पडून राहिली. शेवटी खडावांना हळदकुंकू लावलं, वेलीपुढे नारळ फोडला आणि म्हणाली, जा.

गेले. पहिलं पाऊल ठीक. दुसरं पाऊल चिखलात गेलं ते आलंच नाही. पाय वर, खडाव खाली. तोल सावरायला आधाराची काठी धरली, काठी आली हातात, काठीबरोबर वेल, वेलीबरोबर शेजारची वेल! मी चिखलात बसलेली, डोक्यावर पानंच पानं, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी. कमलादादा फाटकाबाहेरून बुटात उभा राहून हसत होता.

अण्णा हसले नाहीत. तीन वेली मोडल्या. म्हणाले, आता ही गोष्ट पुन्हा काढायची नाही.

१५ सप्टेंबर

औषध घेतलं. आज पहाटे पुन्हा अनवाणी गेले. मग हे सगळं कशासाठी? सहामाहीला महिना उरलाय. शाळा गेली तर मी आयुष्यभर त्याच चिखलात आणि ते पाहुणे आयुष्यभर माझ्या पोटात! आज नाही गंमत वाटत.

१६ सप्टेंबर

माई!!

चुलीशी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "उद्यापासून वाडीत तू नाय जायचं. तुजं काम मी करीन. तू तुजी शाळा कर."

मी म्हटलं, आणि तुझ्या पायांचं काय? तिने भाकरी टाकली, पाय पुढे केला आणि तळवा दाखवला. भेगाच भेगा. म्हणाली, "दगड झालाय. ह्यातून कोन शिरतंय?"

खरंच दगडासारखा आहे. मी बोटाने वाजवून पाहिला! मी जायला लागायच्या आधी माईच जायची वाडीत, तिला सवय आहे. अण्णांनाही हरकत नाही, काम झाल्याशी कारण. मी माईचे हात धरून फुगडी घातली. ती म्हणाली, पुरे, मला गरगरतं.

२६ सप्टेंबर

सहा वाजेपर्यंत झोपते! महाराणी! शाळेत डोळे टक्क उघडे. हिरा जवळा आणते, मी तिला केळी देते. तिच्या आईने निरोप पाठवलाय की नलूला आता बोंबीलपण देऊ, पोरगी सुदरतेय.

३ ऑक्टोबर

आज पेन्सिल तोंडात घातली आणि थुंकली. शी! चुना लागतो नुसता. लोक खातात तरी कशी? चिंतूशेठने विचारलं, भाऊ लिहीत नाही वाटतं हल्ली. म्हटलं, शाळा सुटली त्याची. हळहळला बिचारा.

१० ऑक्टोबर

तारापूरच्या चढावर न थांबता गेले. हिराला मागे टाकलं. छातीतलं भात कांडणं बंद!

गोदूआत्या सकाळी माझी हनुवटी धरून उजेडात बघत होती. म्हणाली, काळवंडलीस गं पोरी, काय हे. मी आरशात पाहिलं. काळी नाही काही, गालांना रंग आलाय. आत्याच्या मते आता मला कोणी पत्करणार नाही. बरंच झालं.

१२ ऑक्टोबर

माई हल्ली वाडीतून येते आणि पायरीवर बसते. टोपली मांडीवर ठेवून तशीच. मी म्हटलं, म्हातारी झालीस तू. म्हणाली, झाले असेन. मग दोघी हसलो. भूगोल संपवायचाय अजून.

१७ ऑक्टोबर, सोमवार

सहामाही सुरू. इतिहासाचा पेपर. तीन तास जागी! पानिपतावर दोन पानं लिहिली. दिनानाथ मास्तर वर्गात फेऱ्या घालत होते, माझ्यापाशी आले की जरा लांबून वळत होते.

२३ ऑक्टोबर

आज आमटीत मीठ दोनदा पडलं. माईला आठवेना टाकलं की नाही. अण्णा म्हणाले, लक्ष कुठाय तुझं? तिचे पाय खाजतात रात्री. मी ऐकते खाजवल्याचा आवाज. तळवा दगडाचा असला तरी बोटांच्या बेचक्या दगडाच्या नसतात हे माझ्या आत्ताच लक्षात आलं. नर्सबाईंना विचारायला हवं. त्या मासवणकडच्या गावांत फिरतीवर गेल्यात, दिवाळीनंतर येतील. तेव्हा विचारीन.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

पास!! आणि नुसती पास नाही, वर्गात पाचवी! अण्णांनी प्रगतिपुस्तक दोनदा वाचलं, एकदा सुलटं नि एकदा चष्मा लावून. म्हणाले, राहू दे शाळा. एवढंच. पण संध्याकाळी कमलादादाकडून बोईसरहून जिलेबी मागवली होती त्यांनी! कमलादादा कामावरचं हिंदी फाडत होता — 'बहनजी, मिठाई लीजिए.' मी सहा खाल्ल्या. माईने एक घेतली, ती पण अर्धी मला दिली.

१३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. कंदील मी केला, कमलादादाने मोडला, मी पुन्हा केला. माई लवकर झोपली. नर्सबाई शुक्रवारी येणार असा निरोप आहे. माझा आकडा बघायचाय त्यांना. मलाही! हिराशी पैज लावलीय.

१९ नोव्हेंबर, शनिवार

काल नर्सबाई आल्या. माझा थेंब — पंचाहत्तर. मी ओटीवर उड्या मारल्या आणि गंमत म्हणून माईचा हात ओढून पुढे केला. माईचंही बघा ना!

पट्टीवर तिचा रंग सापडेना. नर्सबाई खाली खाली जात राहिल्या. पंचवीस. त्यांनी विचारलं, पहाटे वाडीत कोण जातं? मी माईच्या पायांकडे पाहिलं. हे वर्षानुवर्षांचं आहे, दोन महिन्यांत वाढलंय, म्हणाल्या. औषध दिलं, माईला झोपून राहायला सांगितलं.

आज पहाटे जाग आली तर माई टोपली घेऊन निघालेली, रोजच्यासारखी. मी मागे धावले. फाटकाशी अण्णा उभे होते. त्यांनी टोपली काढून घेतली. घराकडे वळायला ती तयार होईना, पानं राहतील म्हणत तशीच आत शिरली. तेव्हा अण्णांनी स्वतःच्या वहाणा काढल्या आणि वेलीच्या आत, चिखलात गुडघे टेकून, तिच्या पायांत घालू लागले. गोदूआत्या दारातून बघत होती.

माई म्हणाली, "अवो, पाय सोडा. लोकं बघतील."

त्यांनी सोडले नाहीत.